चौकाबाहेरची चित्रकथा : जिव्या सोमा म्हसे यांचे चरित्र व कार्य

१

मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकालीन लेणे आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. राणी नागनिकेच्या शिलालेखामुळे हे लेणे प्रसिद्ध पावले. याच लेण्याच्या मागील भिंतीवर एके काळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या वर तिचे नाव लिहिलेले होते. आज त्या मूर्ती भग्न होऊन त्यांच्या पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. नावे मात्र वाचता येतात. आकृती गेली व नाव राहिले, अशी ही स्थिती होय.

याच ठाणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या आदिवासी पाड्यांवर, चित्रांची एक दुसरी परंपरा नांदत आली. तेथे कुडाच्या भिंतीवर आकृती उमटत. परंतु ती कोणी काढली याची नोंद कोणी ठेवीत नसे. पावसाळ्यात भिंत ओली होई, पुढील लग्नसराईच्या वेळी ती पुन्हा सारवली जाई आणि जुने चित्र नाहीसे होई. येथे आकृती पिढ्यान्‌पिढ्या टिकली व नावे गेली. शहापूरजवळच्या माहुली किल्ल्याचा इतिहास आपण कागदपत्रांच्या आधारे लिहू शकतो, १६३६ साली शहाजीराजांनी तेथे केलेल्या शरणागतीचा वृत्तान्त सांगू शकतो. परंतु त्याच किल्ल्याच्या छायेत राहणाऱ्या पाड्यांतील चित्रकर्त्यांविषयी आपली चरित्रग्रंथांची परंपरा सर्वस्वी मूक आहे.

या मौनास विसाव्या शतकात एक ठळक अपवाद घडला. तो अपवाद म्हणजे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८). भिंतीवरील विधिचित्राचे त्यांनी कागदावरील चित्रकथेत रूपांतर केले आणि त्या कथेखाली एका व्यक्तीचे नाव प्रथमच लागले. त्यांच्या आयुष्यक्रमाचा व कार्याचा परामर्श घेणे, आणि ‘आदिवासी कला’ या सामुदायिक संज्ञेखाली एका व्यक्तीचे कर्तृत्व कसे झाकले जाते व त्याच वेळी एका व्यक्तीच्या नावाखाली अनेकींचे कर्तृत्व कसे झाकले जाऊ शकते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

म्हसे यांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी ज्या चित्रपरंपरेतून ते पुढे आले तिचा विचार प्रथम केला पाहिजे. वारली समाजाची मुख्य वस्ती डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, पालघर या भागांत असून शहापूर व लगतच्या तालुक्यांतही त्यांचे पाडे आढळतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत हा सर्व प्रदेश ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. विभाजनानंतर ठाणे जिल्ह्याकडे जे आदिवासीबहुल भाग उरले त्यांत शहापूर व मुरबाड हे तालुके प्रमुख आहेत. तेथे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या जमातींची वस्ती विशेष आहे. ‘वारली चित्र’ हा शब्द आज सर्व आदिवासी चित्रांस सरसकट लावला जातो. म्हणून जमातींतील हा भेद आरंभीच ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

वारली लग्नात भिंतीवर जो ‘चौक’ लिहिला जातो तो शोभेचा नव्हे. कारवीच्या कुडावर माती व शेण यांचा लेप देऊन त्यावर गेरू लावावयाचा, तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या द्रवाने व टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढावयाचे, ही त्याची सामग्री. चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. लग्नविधीतील गाणी गाणारी धवलेरी ही स्त्रीच होय. चौकटीच्या आत पालघाट ही सृजनाची देवता विराजमान होते. तिच्या शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. चौकटीबाहेर झाडे, पशुपक्षी, वरातीतील माणसे, नाचणारी मंडळी यांना जागा मिळते. चौक लिहिला गेल्याखेरीज लग्न पुरे होत नाही. तात्पर्य, हे चित्र पाहण्यासाठी काढलेले नसून देवतेस बोलावून घेण्यासाठी काढलेले असते. आणि कार्य झाले की त्याचे प्रयोजनही संपते.

या विधीस एक आर्थिक बाजू होती. कलेच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच होतो. लग्नाचा खर्च वारली कुटुंबास पेलत नसे. त्यासाठी तो जमीनदार वा सावकार यांच्याकडून कर्ज घेई आणि ते फेडण्यासाठी नवरा, पुष्कळदा नवरीसह, धनकोच्या घरी व शेतावर वर्षानुवर्षे राबत राही. अशा माणसास ‘लग्नगडी’ असे नाव होते. तीसच्या दशकाच्या अखेरीस सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांनी मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल सादर केला त्यात वेठ व कर्जगुलामी यांचे स्पष्ट वर्णन आहे. जानेवारी १९४५ मध्ये, मुरबाडच्या शेजारच्या कल्याण तालुक्यात, टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यास उंबरगाव भागातील काही वारली उपस्थित होते. त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर त्या भागात गेले आणि मे १९४५ मध्ये झरी येथील मेळाव्यात वेठ न करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंनी हा सर्व लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात नोंदविला आहे.

ज्या चौकास आज जगभरच्या संग्रहालयांत स्थान आहे, तो चौक ज्या प्रसंगी लिहिला जाई त्याच प्रसंगापायी वारली पुरुष आपले आयुष्य गहाण टाकीत होता. चौकातील पालघाट देवी समृद्धीचे आवाहन करी आणि चौकाबाहेरचा संसार कर्जात बुडे. म्हसे यांचे बालपण याच काळातील व याच भूभागातील आहे.

३

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली आजच्या तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. झरीचा मेळावा व तलवाड्याचा गोळीबार झाला त्या वर्षी ते अकरा वर्षांचे होते. त्याच सुमारास ते डहाणू तालुक्यात गंजाड परिसरात येऊन राहिले आणि पुढील सर्व आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध कल्पिण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजाने आपले मौन सोडले त्याच समाजातील एक मूल त्या काळी मौनात वाढत होते, हा योग इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये.

हे मौन शब्दशः होते. वयाच्या सातव्या वर्षी आई निवर्तली आणि त्या आघाताने मुलाची वाचा बंद झाली, असे त्यांच्या चरित्राविषयी सर्वत्र सांगितले जाते. पुढे कित्येक वर्षे ते जे सांगावयाचे ते मातीत आकृती काढून सांगत. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी या घटनेस दंतकथेचे रूप दिले आहे. तथापि त्यातील अर्थ दंतकथेहून अधिक महत्त्वाचा आहे. सवाशिणींचे चित्र देवतेशी बोलण्यासाठी होते, तर या मुलाचे चित्र माणसांशी बोलण्यासाठी होते. चित्राने गोष्ट सांगता येते, नव्हे चित्रानेच ती सांगावी लागते, हा अनुभव त्यास विधीच्या बाहेर, दैनंदिन गरजेतून आला. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या प्रयोजनभेदात आहे.

चौक लिहिणे हे स्त्रियांचे काम असल्यामुळे पुरुषाने त्यात हात घालणे रूढीस धरून नव्हते. म्हसे ही भाषा लग्नघरी सवाशिणींचे हात पाहून शिकले. दोन त्रिकोण टोकास टोक जोडून होणारे माणसाचे धड, वर्तुळाचे डोके, स्त्रीचा अंबाडा दर्शविणारा ठिपका, काडीसारखे हातपाय, अशी ही मोजकी अक्षरे होत. त्यांनी ती बदलली नाहीत. मात्र ही आकृती लग्नाच्या दिवसाखेरीज अन्य दिवशीही काढता येते, ही गोष्ट प्रथम त्यांनीच रूढ केली. ते रोज चित्र काढू लागले. वारली समाजात चित्रकर्मास नित्यकर्माचे रूप या माणसाने दिले.

४

म्हसे यांचे नाव पाड्याबाहेर कसे गेले, हा चरित्रातील दुसरा टप्पा होय. येथे भास्कर कुलकर्णी या चित्रकाराचा उल्लेख अनिवार्य आहे. कुलकर्णी हे मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या हातमाग-अभिकल्पाच्या सरकारी संस्थेत काम करीत. साठच्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला असता पुपुल जयकर यांनी त्यांस मिथिलेत पाठविले. तेथील स्त्रिया भिंतीवर जी चित्रे काढीत ती त्यांनी कागदावर काढावी व त्यायोगे त्यांना काही उत्पन्न व्हावे, अशी ही योजना होती. आज ‘मधुबनी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या चित्रांच्या बाजारपेठेचा हा आरंभ. सत्तरच्या दशकाच्या आरंभी कुलकर्णी याच हेतूने कागद घेऊन डहाणू भागात आले.

त्यांनी कागद व रंग दिले ते प्रथम स्त्रियांस. भिंतीवरील चित्र कागदावर उतरविणे हे दिसते तितके सोपे नाही. भिंतीस आकार नाही. ती घराचा भाग असते. कागदास कडा असतात, आणि कडा आल्या की रचनेचा प्रश्न येतो. ज्यांचा हात या प्रश्नाशी लीलया भिडला तो म्हसे यांचा, ही गोष्ट कुलकर्णी यांच्या ध्यानी आली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी फ्रान्समधील मांतों येथे त्यांची चित्रे दाखविण्यात आली.

१९७६ हे वर्ष आणखी एका कारणाने स्मरणीय आहे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा संसदेने त्याच वर्षी संमत केला. ‘लग्नगडी’ ही संस्था ज्या वर्षी कायद्याने गुन्हा ठरली, त्याच वर्षी लग्नचौकाच्या भाषेत घडलेली चित्रे सागरापलीकडे गेली. राज्याने एका हाताने गौरव दिला व दुसऱ्या हाताने मुक्ती दिली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु कायद्याने मुक्ती मिळाली म्हणजे ती पाड्यावर पोहोचली असे होत नाही, हे ठाणे जिल्ह्याच्या नंतरच्या इतिहासाने पुरेसे दाखविले आहे. १९८० नंतरही वेठबिगारांच्या सुटकेसाठी या जिल्ह्यात संघटना उभाराव्या लागल्या.

५

आता म्हसे यांच्या चित्रांच्या स्वरूपाकडे वळू. त्यांस केवळ ‘लोकचित्रकार’ न म्हणता ‘चित्रकथाकार’ म्हणणे अधिक युक्त आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रात चित्राने कथा सांगण्याची परंपरा जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेका कागदावर असून त्यांची पोथी केलेली असते. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो व गायनातून कथा पुढे नेतो. (या ठाकर समाजाचे व शहापूर-मुरबाडकडील ठाकुरांचे नाते केवळ नामसाम्यावरून ठरविण्याची घाई करू नये.) युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिनिव्हाचे शिक्षक रोदोल्फ तोप्फेर यांनी चौकटींच्या ओळी मांडून व खाली मजकूर लिहून ज्या कथा रचल्या, त्यांपासून आधुनिक चित्रकथेचा आरंभ मानतात. फ्रान्समध्ये या प्रकारास पुढे ‘नववी कला’ अशी प्रतिष्ठा लाभली. आपल्याकडे १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथा’ या मालेने हीच चौकटीची पद्धत घरोघर पोहोचविली.

या सर्व प्रकारांत एक समान तत्त्व आहे. काळाचे तुकडे पाडावयाचे व प्रत्येक तुकड्यास एक चौकट द्यावयाची. वाचक एका चौकटीतून दुसरीत जातो तेव्हा काळ पुढे सरकतो. म्हसे यांच्या चित्रांत असे तुकडे नाहीत. एकाच कागदावर कथेचे अनेक प्रसंग असतात. घर, रान, नदी, शेत ही स्थळे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि एकच पात्र निरनिराळ्या जागी पुन्हा भेटू शकते. पाहणाऱ्याने वाट शोधावयाची असते. ती वाट कधी पायवाटेने जाते, कधी मुंग्यांच्या रांगेने, कधी तारपा नाचाच्या वेटोळ्याने. तारपा वाजविणारा मध्यभागी आणि त्याच्याभोवती हातांत हात गुंफून फिरणारी माणसे, ही आकृती त्यांच्या चित्रांत वारंवार येते. ती कथेस गतीही देते व आकारही देते. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. बारीक रेषांच्या विणीने ते जवळजवळ सर्व कागद व्यापते व त्या विणीतच चित्राची रचना सामावलेली असते. माणसे, पक्षी, प्राणी, किडे सर्व हालत असतात आणि हालणे म्हणजेच जीवन, अशा आशयाचे उद्‌गार त्यांनी स्वतःच्या कलेविषयी काढले आहेत. तुटक रेघा, ठिपके व किंचित कंप पावणारी रेषा यांच्या योगाने ही हालचाल ते स्थिर कागदावर आणीत.

आता मूळ चौकाशी याची तुलना करावी. चौकात पवित्र स्थान चौकटीच्या आत असते व संसार बाहेर असतो. म्हसे यांनी बहुतांश चित्रांत चौकट बाजूस ठेवली व बाहेरचा संसार हाच चित्राचा विषय केला. पेरणी, लावणी, झोडपणी, शिकार, बाजार, वारूळ, एवढेच काय पण आगगाडीदेखील त्यांच्या विश्वात आली. चौकटीबाहेरचे जग कथेस पात्र आहे, हा त्यांचा निर्णय होता. परंपरेने दिलेली अक्षरे तीच ठेवून त्यांनी नवे वाक्य रचले, असे याचे वर्णन करता येईल.

समकालीन फ्रेंच चित्रकथेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ‘मोबियस’ या टोपणनावाने विख्यात असलेले ज्याँ जिरो (१९३८–२०१२) हे म्हसे यांचे जवळजवळ समवयस्क. १९६३ पासून ते ‘ब्लूबेरी’ या अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशातील साहसकथामालेचे चित्रकार म्हणून नावारूपास आले. त्या मालेत लेखक निराळा, चौकटी काटेकोर व संवाद भरपूर होते. १९७५ साली ‘मेताल युर्लां’ या नियतकालिकात त्यांनी ‘आर्झाक’ ही चित्रकथा प्रसिद्ध केली. तिच्यात शब्द मुळीच नव्हते. शब्दांवाचून केवळ रेषेने कथा पुढे नेता येते, हे फ्रेंच वाचकांस त्या वेळी नवे वाटले. त्याच वर्षी मुंबईत ज्याची चित्रे मांडली गेली तो गंजाडचा चित्रकार बालपणापासून शब्दांवाचूनच कथा सांगत होता. या दोघांत परस्परप्रभाव नव्हता. असण्याचा संभवही नव्हता. परंतु एकास त्याच्या देशात स्वतंत्र शैलीचा कर्ता म्हणून चरित्रे, मुलाखती व समीक्षा लाभल्या, आणि दुसऱ्याच्या चित्राखाली दीर्घकाळ केवळ जमातीचे नाव पुरेसे मानले गेले. हा फरक गुणवत्तेचा नसून नोंद ठेवणाऱ्यांच्या दृष्टीचा आहे.

६

१९८९ साली पॅरिस येथे पोंपिदू केंद्र व ला व्हिलेत येथील भव्य दालन या दोन ठिकाणी ‘पृथ्वीचे जादूगार’ या अर्थाच्या नावाचे प्रदर्शन झाले. ज्याँ-ह्युबेर मार्तँ यांच्या संयोजनाने त्यात जगाच्या सर्व खंडांतील शंभरांहून अधिक कलावंत एकत्र आले. पाश्चात्त्य आधुनिक कलावंत व इतर समाजांतील परंपरागत कलावंत यांस एकाच पातळीवर मांडावे, ही त्यामागील भूमिका. मिथिलेच्या बौआ देवी व ठाणे जिल्ह्याचे म्हसे यांचा त्यात समावेश होता. या प्रदर्शनावर टीकाही विपुल झाली. ‘जादूगार’ या शब्दानेच पश्चिमेतर कलावंतास पुन्हा गूढतेच्या कोंदणात बसविले, असा एक आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे. तथापि प्रत्येक कृतीखाली कर्त्याचे व्यक्तिनाम लावण्याचा दंडक तेथे सर्वांस सारखाच लागू झाला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची होय.

भारतात या दिशेने विचार मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्योतीन्द्र जैन यांस द्यावे लागेल. १९९८ साली दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयातर्फे त्यांनी ‘अदर मास्टर्स’ हे प्रदर्शन व ग्रंथ सिद्ध केला. त्यात लोक व आदिवासी परंपरेतील पाच समकालीन कलावंतांचा व्यक्तिशः परिचय होता. म्हसे त्यांपैकी एक. परंपरेतील कलावंत हा परंपरेचा केवळ वाहक नसून तिच्यात निवड करणारा, भर घालणारा कर्ता असतो, हा या प्रयत्नामागील सिद्धान्त होय. त्याआधी यशोधरा दालमिया यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वारली चित्रांच्या विधिसंदर्भाचे विवेचन केले होते. हे दोन्ही प्रयत्न परस्परपूरक आहेत. एकाने भिंत समजते व दुसऱ्याने हात.

२००३ साली इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग वारली प्रदेशात आले आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे लाँग व म्हसे यांच्या कृती एकत्र मांडल्या गेल्या. लाँग हे भूमीवर चालून, दगड रचून, मातीत रेषा उमटवून कलाकृती घडविणारे. मातीत आकृती काढून ज्याने बोलण्यास आरंभ केला त्याच्याशी त्यांचा संवाद व्हावा, हे सुसंगतच होते. म्हसे यांस २००२ मध्ये शिल्पगुरू हा सन्मान, २००९ मध्ये नेदरलँड्‌समधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सदाशिव व बाळू या त्यांच्या पुत्रांनी ही कला पुढे चालविली. बाहेर कितीही कीर्ती झाली तरी ते आपल्या गावीच राहिले, ही गोष्ट केवळ साधेपणाची खूण म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ज्या शेती-रानाच्या हालचालींवर त्यांची कथा उभी होती ते सोडून जाणे त्यांच्या कलेस परवडणारे नव्हते.

७

येथपर्यंतच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात व त्यांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, म्हसे यांस आद्य कर्ता मानल्याने ज्या सवाशिणींनी ही भाषा घडविली व जतन केली त्यांच्यावर अन्याय होतो. हा आक्षेप गंभीर आहे व तो मान्य केला पाहिजे. भिंत सोडून चित्र कागदावर आले, कागदास किंमत आली, आणि किंमत येताच चित्रकर्म बव्हंशी पुरुषांच्या हाती गेले, असा हा क्रम आहे. मिथिलेत अशीच चित्रे कागदावर आली तेव्हा गंगादेवी, सीतादेवी, बौआ देवी अशी स्त्रियांची नावे पुढे आली. वारली चित्रांच्या बाबतीत तसे घडले नाही. याचा दोष म्हसे यांच्याकडे जात नाही. परंतु ज्यांचे हात पाहून ते शिकले त्यांपैकी एकीचेही नाव त्यांच्या चरित्रात येत नाही, ही उणीव त्यांच्या चरित्रकारांची, म्हणजे आपलीच, आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा. ही कला समाजाची आहे, व्यक्तीची नव्हे. मग व्यक्तीचे चरित्र कशासाठी? वारली चित्रास भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे व तो हक्क सामुदायिक आहे, असा दाखलाही येथे देता येईल. बाजारातील नकलांपासून समाजाचे रक्षण करण्यास असा हक्क उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु इतिहासलेखनाचे काम निराळे आहे. ज्ञानदेवांची ओवी लोकपरंपरेतील ओवीतून आली म्हणून आपण ज्ञानदेवांचे चरित्र लिहिण्याचे थांबविले नाही. परंपरा सामुदायिक असते व तिच्यातील वळण व्यक्तीच्या हातून घडते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्हींची नोंद ठेवणे हेच इतिहासकाराचे कर्तव्य होय.

या कर्तव्याचा शहापूर व मुरबाड या तालुक्यांशी निकटचा संबंध आहे. तेथील शाळांच्या व सरकारी इमारतींच्या भिंतींवर आज तारपा नाचाची तीच ती ठरीव वेटोळी रंगविलेली दिसतात. पुष्कळदा ती तेलरंगाने, बाहेरच्या रंगाऱ्याने काढलेली असतात. ज्या पाड्यांवर ठाकूर वा कातकरी राहतात तेथेही वारली चौकाची नक्कल ‘आदिवासी संस्कृती’ म्हणून मांडली जाते. त्यामुळे दोन हानी होतात. म्हसे यांची रेषा व रंगाऱ्याची रेषा यांतील भेद पुसला जातो. आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या स्वतःच्या चिन्हपद्धती, गाणी व कथा यांकडे दुर्लक्ष होते. दुसरीकडे, कातकरी कुटुंबे अद्यापि उचल घेऊन वीटभट्ट्यांवर सहा-सहा महिने स्थलांतर करतात, आणि त्या उचलीमागे कधी लग्नाचा खर्चही असतो. ‘लग्नगडी’ हा शब्द वापरातून गेला, पण त्यामागील व्यवहाराची छाया सर्वस्वी गेली असे म्हणवत नाही. भिंतीवरील नर्तक रंगविताना भिंतीआडचा हा व्यवहार दृष्टीआड होत असेल, तर ते चित्र म्हसे यांच्या परंपरेतील नव्हे. कारण त्यांनी चौकटीबाहेरचा संसारच कागदावर आणला होता.

या दोन तालुक्यांतून पदव्युत्तर वर्गांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे म्हणून एक नेमके काम आहे. आपल्या वा शेजारच्या पाड्यावर लग्न होईल तेव्हा भिंतीवर, अंगणात, उंबऱ्यावर जे काही लिहिले जाते त्याची छायाचित्रे घ्यावी. त्याचबरोबर ते लिहिणाऱ्या बाईस तिचे नाव, माहेर, ती कोणाकडून शिकली व त्या आकृतीस ती काय म्हणते, हे विचारून तिच्या संमतीने टिपून ठेवावे. ज्या शब्दांत ती सांगेल त्याच शब्दांत ते लिहावे; त्यास पुस्तकी परिभाषेचा मुलामा देऊ नये. छायाचित्रे आज कोणीही काढतो. नावे विचारणारा मात्र विरळा.

नाणेघाटात नावे उरली व आकृती गेल्या, म्हणून पावलांच्या अवशेषांवरून आपण त्या राजकुलाची कल्पना करतो. पाड्यांवर आकृती आहेत आणि त्या काढणाऱ्या कित्येक जणी अद्याप हयात आहेत. जिव्या सोमा म्हसे यांच्या रूपाने आकृती व नाव ही दोन्ही एकत्र उरण्याचा योग या जिल्ह्याच्या इतिहासात एकदा आला. तो एकटाच अपवाद राहावा की पुढील अनेक चरित्रांचा आरंभ ठरावा, हे आपण किती लवकर पाड्यावर जातो यावर अवलंबून आहे.